अडीच हात पाणी

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी आमच्या गावच्या जीनमधल्या इंजिनमिस्तरींचं नाव घेतो. नाव म्हणजे तेवढंच. गाव त्यांना मिस्तरी म्हणे, पोस्टमन मिस्तरी म्हणून हाक मारी, आणि त्यांना दुसरं नाव असेल असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. माझे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचत. त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत पोचवलं. त्यापुढे काय असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मिस्तरींनाही ठाऊक नव्हतं. ते स्वतः चौथी नापास. तरी आमच्या घरातला पहिला बी. ए. मी त्यांच्यामुळे झालो, आणि त्याला कारण त्यांची नाव, म्हणजे होडी.

आमचं गाव तापीच्या काठी, प्रकाशा गावापासून दोन कोस खाली. कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा एक लहानसा कारखाना गावाबाहेर होता, त्याला आम्ही जीन म्हणत असू. दिवाळीनंतर इंजिन सुरू होई आणि चैत्रात बंद पडे. मी मॅट्रिक होऊन तिथं काट्यावर लागलो, येणाऱ्या गाड्यांचं वजन लिहायला. वय वीस. मिस्तरी तेव्हा पन्नाशीला आलेले. बुटके, रुंद, मिशीला कायम रुईची तूस चिकटलेली.

मिस्तरींच्या हातात कडुनिंबाची एक सरळ काठी असे. तिचं एक टोक ते चालत्या इंजिनाच्या बेअरिंगला टेकवत आणि दुसरं दातांत धरत. "कानाला भुलवता येतं, दाताला नाही," असं त्यांचं म्हणणं. आत कुठं काय झिजलंय ते त्यांना त्या काठीतून कळे. कुणी फार वेळ बोलत राहिला तरी ते काठी दातांत धरून समोर उभे राहत. बोलणारा लवकर थांबे.

त्यांच्या मनगटावरचं घड्याळ फक्त हंगामात चालू असे. इंजिन बंद झालं की ते घड्याळाला किल्ली देणं थांबवत आणि ते सरकीच्या डब्यात पुरून ठेवत. मग सहा-सात महिने त्यांना वेळ विचारलेली आवडत नसे.

गाठ बांधून झाली की तिच्यावर पत्र्याच्या साच्यातून शाईनं अक्षरं उमटवत. एका हंगामात बऱ्याच गाठींवर एकच इंग्रजी शब्द उमटला. मिस्तरींनी मला विचारलं, "मॅट्रिक, हे काय लिहिलंय?" मला ते कधीच माझ्या नावानं हाक मारत नसत.

"कोबे," मी म्हणालो. "जपानातलं बंदर आहे."

"आपली रुई तिथं जाते?"

"जात असेल."

"जात असेल म्हणजे? तू बघितलीस?"

मी शाळेतून नकाशा आणला. मिस्तरींनी सुताचा धागा घेऊन आमच्या गावापासून तापीच्या निळ्या रेघेवरून सुरतेपर्यंत, तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली, कन्याकुमारीला वळसा घालून थेट कोबेपर्यंत लावला. मग धागा वितीनं मोजला. दोन विती आणि चार बोटं भरला. "एवढंच?" ते म्हणाले. त्यांनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. नंदुरबारच्या पलीकडे रेल्वेनं ते एकदाच गेले होते, तेही इंजिनाचा पिस्टन आणायला अमळनेरला.

पुढच्या श्रावणात त्यांनी नाव घेतली. आमच्या घाटावर एक म्हातारा भोई होता, मासेमारी करणारा. त्याच्याकडे अठरा हातांची, सपाट तळाची, सागाची नाव होती. गुडघे गेल्यामुळे त्याला ती झेपत नव्हती. मूल नव्हतं. सौदा दोन वाक्यांत झाला, पण भोईण दारातून उठून आली आणि म्हणाली, "नाव तुन्ही, मिस्तरी. पन आंडेर मन्ही शे. आखाजीले माहेरले धाडजो."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासरी गेलेल्या सगळ्या मुली माहेरी येतात. भोईण नावेला आपली मुलगी म्हणत होती आणि दर आखाजीला ती आपल्या घाटावर पाण्यात दिसली पाहिजे, एवढं मागत होती. मिस्तरींना यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "धाडसू, माय."

नाव जीनच्या मागच्या छपराखाली आली. तिथून पुढे तीन वर्षं, इंजिन बंद असलेल्या सगळ्या महिन्यांत, मिस्तरी त्या नावेत राहत होते म्हटलं तरी चालेल. मासळी टाकायचा मधला खण त्यांनी राखेनं, मग कडुनिंबाच्या पाण्यानं, मग चुन्यानं धुतला. वास गेला नाही. जीनमधल्या सगळ्या मांजरांनी तिथं मुक्काम केला. त्या खणात इंजिन बसायचं होतं. ते एका गुजर शेतकऱ्याच्या नदीवरच्या पंपाचं, मोडीत काढलेलं. शेतकरी इंजिन गाडीवर चढवताना म्हणाला, "मिस्तरी, केळीले पाणी देवानं इंजिन शे हाई. याले दर्या दखाडस का?"

"त्याला काय कळतंय पाणी कुठलं आहे ते," मिस्तरी म्हणाले.

फळ्यांच्या फटी त्यांनी आमच्याच रुईनं बुजवल्या. रुईची वात वळायची, ती जवसाच्या तेलात आणि राळेत भिजवायची, आणि बोथट छिनीनं फटीत ठोकत न्यायची. यात ते कुणाचं ऐकत नसत. आखूड धाग्याची रुई त्यांनी परत पाठवली, जणू ते जीनचे गिऱ्हाईक होते. गाठींना बांधायच्या लोखंडी पट्ट्या आतून फासळ्यांना आवळल्या. खोक्यांच्या फळ्यांची खोली उभी राहिली. तिच्या भिंतींवर उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं होती. पिण्याच्या पाण्याला सरकीच्या तेलाचे डबे. स्वयंपाकाला वाळूनं भरलेली लोखंडी पेटी आणि त्यात शेगडी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, बाजरीची भाकरी आणि दुधात भिजवलेली दशमी अशा तिन्ही त्यांनी टांगून ठेवल्या, कुठली किती दिवस टिकते ते बघायला. दशमी जिंकली. नवव्या दिवशी त्यांनी ती मला खायला लावली.

माझं काम वाचण्याचं. मुंबईच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी कुणामार्फत तरी एक जाड इंग्रजी पुस्तक मागवलं होतं. मासेमारीच्या जुन्या नावेची दूरच्या प्रवासाची नौका कशी करावी, हाच त्याचा विषय होता. सोबत इंजिनाचं माहितीपत्रक आणि भरती-ओहोटीचं एक जुनं कोष्टक. रोज संध्याकाळी मी एक पान वाचायचं आणि मराठीत सांगायचं. मॅट्रिकला मला इंग्रजीत जेमतेम गुण होते. पहिल्या आठवड्यात मी बरंच काही दडपून सांगितलं. मिस्तरी काठी दातांत धरून ऐकत होते. मग त्यांनी काठी काढली.

"मॅट्रिक, तिसऱ्या ओळीला तू हळू वाचलंस आणि सांगताना भरभर सांगितलंस. तिथं काय होतं?"

मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"समजलं नाही ना? मग समजलं नाही म्हण. मी पण नाही समजलो. दोघं मिळून बघू."

मला तोपर्यंत कुठल्याही शिक्षकानं असं सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या बाजारातून शब्दकोश आणला. तीन वर्षांत ते पुस्तक आम्ही दोनदा वाचलं. माझं इंग्रजी त्या पुस्तकावर झालं. आजही मला बागेतल्या फुलांची इंग्रजी नावं येत नाहीत, पण नावेच्या प्रत्येक फळीचं येतं.

त्या पुस्तकात एक प्रकरण बोट लागण्यावर होतं. समुद्रावर माणसाला मळमळतं, उलट्या होतात, काही जण कामातून जातात, आणि सवय हाच एक उपाय, असं त्यात म्हटलं होतं. मिस्तरींनी ते दोनदा सांगायला लावलं. मग आखाजी आली. नाव कबूल केल्याप्रमाणे घाटावर गेली, भोईणीनं तिच्या नाळेला, पुढच्या टोकाला, कुंकू लावून ओटी भरली, आणि गावातल्या निंबांवर झोके बांधले गेले. माहेरवाशिणी गाणी म्हणत झोके घेत होत्या. मिस्तरी सरळ तिथं गेले, एका रिकाम्या झोक्यावर बसले आणि मला म्हणाले, "ढकल. आणि बाराव्या पानापासून वाच."

मी वीस-बावीस वर्षांचा माणूस. एका हातानं मिस्तरींना झोका देतोय आणि दुसऱ्या हातात धरलेलं इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचतोय. बायकांची गाणी थांबली. मग एक जण ओरडली, "ओ बाई, तुन्हं सासर कोनतं वं?"

"कोबे," मिस्तरी वरून म्हणाले.

"सासू कशी शे?"

"अजून देखी नही."

बायका हसून लोळल्या. मिस्तरी दोन तास झोक्यावर होते. अर्ध्या तासानंतर त्यांचा चेहरा पांढरा पडला, एकदा खाली उतरून झाडामागे जाऊन आले, तोंड धुतलं, परत बसले. आखाजीचे झोके आठ दिवस राहतात. आठही दिवस ते गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी झोक्यावर बसून कांदा-भाकर खाल्ली आणि मला म्हणाले, "झालं. आता लिहून ठेव, मिस्तरीला बोट लागत नाही."

पुस्तकाचं म्हणणं होतं की सपाट तळाची नाव समुद्रात उलटते. तिला तळाखाली खोल लाकडी कणा हवा. मी ते प्रकरण फार मन लावून सांगितलं. मापं काढली, कागदावर आकृती काढली. धडगावच्या डोंगरातून म्हसावदमार्गे सागाचं एक सरळ खोड गाडीवर आलं. मिस्तरींनी त्याचा कणा केला आणि पोटातून आरपार अठ्ठावीस बोल्टांनी बसवला. काम इतकं सुरेख झालं की शहाद्याहून लोक बघायला येत.

पुढच्या आखाजीला सहा बैलजोड्या लावून नाव घाटावर नेली. भोईण ताट घेऊन उभी. नाव पाण्यात गेली, दोन हात पुढे सरकली, खाली कशाला तरी टेकली आणि हळूच एका कुशीवर कलंडली. तशीच राहिली. वैशाखातली तापी, पाणी दीड हात होतं. कणा धरून नावेला अडीच हात लागत होतं.

म्हातारा भोई गुडघे धरत पाण्यात उतरला, नावेभोवती फिरला. "मिस्तरी, हिले इतला लांब पाय कसाले लायात? आते आमनी नदी हिले पुरस नही."

मिस्तरींनी काठी पाण्यात उभी केली, ओल कुठवर आली ते पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "मॅट्रिक, पुस्तकात आपल्या नदीचं काही होतं का?"

"नाही."

"मग चूक पुस्तकाची नाही."

भोईणीनं कलंडलेल्या नावेचीच ओटी भरली. लोकांनी सुचवलं, कणा काढा, सुरतेला गेल्यावर लावा. मिस्तरी म्हणाले, काढला तर पोटात अठ्ठावीस भोकं राहतील, आणि तशा नावेत ते मांजरालाही बसवणार नाहीत. वाट भोईनं दाखवली. पावसात तापी झाडंच्या झाडं वाहून आणते, तेव्हा जाता येत नाही. उन्हाळ्यात पाणी नाही. "भादवामा पूर उतरस ना, तवय दहा-बारा दिन शेतस. पाणी पिसाळेल बी नही, आटेल बी नही. तवय निंघा." वर्षातले तेवढेच दिवस. खाली काकरापारचा बंधारा होता, तिथं नाव गाड्यांवर चढवून पलीकडे न्यावी लागणार होती. आणि उकाईला मोठं धरण होणार असं तेव्हाच बोललं जात होतं. ते झालं की नदीनं समुद्र गाठायचा रस्ता संपला.

निघायचं त्याच भाद्रपदात, असं ठरलं. भोईचा पुतण्या वल्ह्याला, मिस्तरी इंजिनाला, आणि मी सुरतेपर्यंत कोष्टकं वाचायला आणि बंदरातल्या साहेबाशी बोलायला.

ज्येष्ठात एका संध्याकाळी मी शब्दकोश न उघडता एक पूर्ण पान सांगितलं. मिस्तरींनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. "जीनच्या काट्याला एवढं इंग्रजी लागत नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सदरा धुऊन घातला आणि मला घेऊन धुळ्याला गेले. कॉलेजच्या व्हरांड्यात कारकुनानं विचारलं, "तुम्ही मुलाचे कोण?" मिस्तरी म्हणाले, "आम्ही एकच पुस्तक वाचतो." कारकुनानं पालक असं लिहून घेतलं. फी माफ झाली. राहायची सोय वसतिगृहात झाली.

"भाद्रपदात पंधरा दिवस येतो," मी म्हणालो.

"तेव्हा तिथं काय असतं?"

"सहामाही."

"मग नको. राळ अजून ओली आहे. यंदा नाव निघत नाही."

मी विश्वास ठेवला. पुढच्या वर्षी मी पत्रानं विचारलं. पोस्टमनच्या अक्षरात उत्तर आलं, बेअरिंग यायचं आहे. तिसऱ्या वर्षी, फळी बदलायची आहे. चौथ्या वर्षी, तब्येत बरी नाही, पण काळजी नको. मी अभ्यास करत होतो. प्रत्येक परीक्षेत पास होत होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी जायचो तेव्हा नदी पुन्हा ढोपरभर झालेली असे आणि मिस्तरी जीनमध्ये इंजिन सुरू करण्याच्या गडबडीत असत.

चौथ्या दिवाळीत मी घाटावर गेलो. म्हातारा भोई एकटाच जाळं विणत बसला होता. मी सहज विचारलं, "बाबा, नाव कधी दुरुस्त होणार?"

"नाव?" तो म्हणाला. "नावले काय व्हयेल शे? चार वरीस पासून तयार शे."

"मग?"

"पूर उतरस. मिस्तरी आठे येस, काठी पाणीमा उभी करस, अडीच हात भरस. मी सांगस, चाल ना रे बाबा. तो सांगस, मॅट्रिकनी परीक्षा शे." भोईनं गाठ मारली. "बारा दिन बसस आठे. मंग पाणी उतरी जास, मंग घर जास. तुले नही सांगं का?"

मला सांगितलं नव्हतं. त्या वर्षी उकाईला धरणाचं काम सुरू झालं होतं.

मला खरं तर पहिल्याच वर्षी सुचायला हवं होतं. मिस्तरी चौथी नापास असले तरी मराठी वाचू शकत. बोट लावून, पण वाचत. प्रवासाला मी लागत नव्हतो, पुस्तक लागत होतं. मी ते तीन वर्षं तोंडानं सांगत राहिलो आणि एक ओळही लिहून दिली नाही. कॉलेजात चार वर्षं मी इतरांच्या निबंधांवर टिपणं लिहिली. बी. ए.ची परीक्षा संपली त्या दिवशी मी पुस्तक, माहितीपत्रक आणि कोष्टक घेऊन बसलो. मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहायचं ठरवलं. निकाल लागला, खांडबाऱ्याच्या शाळेत नोकरी लागली, आणि तिथं शाळा सुटल्यावर लिहीत राहिलो. श्रावण संपता संपता सहाव्या वहीत शेवटची ओळ लिहिली.

मिस्तरी आणि भोईचा पुतण्या त्या भाद्रपदात निघाले. उकाईच्या कामापाशी आणि बंधाऱ्याला नाव गाड्यांवर चढवली, सुरतेहून समुद्रात शिरले. सुरतेहून कार्ड आलं: पाणी फारच खारट आहे. नंतर रत्नागिरीहून एक, मंगळूरहून एक. कन्याकुमारीला वळसा घालून ते तुतिकोरिनला पोचले तेव्हा केळीच्या इंजिनाचा जीव संपला होता. नाव त्यांनी तिथल्याच एका कोळ्याला दिली. कोळ्यानं खोली काढून टाकली, इंजिनाच्या जागी पुन्हा मासळीचा खण केला आणि दुसऱ्या दिवशी जाळं घेऊन गेला. मिस्तरी आणि पुतण्या रेल्वेनं घरी आले. त्या वर्षीचा निम्मा हंगाम बुडाला म्हणून मालक बोलले, पण इंजिन दुसऱ्या कुणाचं ऐकत नव्हतं. कोबेचं विचारलं तर मिस्तरी म्हणत, "अर्धी वीत झाली की." भोईणीनं सगळं ऐकून घेतलं. "फार दूर दिधी तू आंडेरले," एवढंच म्हणाली. "खाता-पिता घर शे ना?" मिस्तरींनी सांगितलं, कोळ्याला चार मुलं आहेत आणि सगळी नावेत झोपतात. मग ती स्वस्थ झाली.

मिस्तरी वारल्यावर त्यांच्या पेटीत माझं पत्र निघालं, वह्यांसोबत पाठवलेलं. त्यावर खाऱ्या पाण्याचे आणि तेलाचे डाग आहेत. अक्षरं वाचता येतात.

खांडबारा
श्रावण वद्य

ती. मिस्तरी यांस,
सा. न. वि. वि.

सोबत सहा वह्या आहेत. पहिल्या चारांत पुस्तक, पाचवीत इंजिन, सहावीत भरती-ओहोटी. अक्षर मोठं काढलं आहे. बंदरात दाखवायचा इंग्रजी अर्ज सहावीच्या पाठीमागे लिहून ठेवला आहे, तो फाडून साहेबाच्या हातात द्या, बोलायची गरज पडणार नाही.

भोईबाबांनी मला दिवाळीत सगळं सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका. तुम्ही जीनमध्ये होतात तेव्हा मी नावेत जाऊन बसलो होतो. पुतण्या बाहेर वल्ह्यापाशीच झोपणार, म्हणून खोलीत दोनच फळ्या झोपायला केल्या आहेत. एक तुमच्या मापाची. दुसरी तिच्यापेक्षा वीतभर लांब आहे. मी तिच्यावर आडवा झालो. डोकं आणि पाय बरोबर टेकले. माझं माप तुम्ही कधी घेतलंत ते मला आठवत नाही.

ती फळी काढून टाका. तिथं पाण्याचे चार डबे जास्त मावतील, आणि पुस्तकाच्या मते पाणी नेहमी कमीच पडतं.

यंदा माझी परीक्षा नाही. तरी माझी वाट पाहू नका.

आपला,
मॅट्रिक